घाटावरची बोट

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी पावणेआठला रस्ता तुंबला, तेव्हा ज्योतीरामनं स्कूटर बंद केली, डावा पाय जमिनीला टेकवला आणि रोजच्यासारखा एकेकाचा मनातल्या मनात समाचार घ्यायला सुरुवात केली. पुढच्या मोटारसायकलवर तिघं बसलेल्या पोरांचा, कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपलेल्यांचा, शिट्टी तोंडात धरून ती न वाजवणाऱ्या हवालदाराचा. दिघीपासून चाकणपर्यंत अशी माणसं रांगेनं उभी असतात आणि त्यांना तुच्छ मानण्यात त्याचा तासभर बरा जायचा. मग दोन कंटेनरांच्या मधून एक मोठं मळकट पांढरं पोट सावकाश पुढं सरकलं. खाली निमुळतं, वर फुगीर, आणि कडेनं वाळून काळी पडलेली शेवाळाची रेघ. ते काय आहे हे कळायला लोकांना वेळ लागला. ज्योतीरामला लागला नाही. त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली. ट्रेलरवर बोट होती, शिडाची. डोलकाठी उतरवून तिच्याच पाठीवर आडवी बांधलेली. "विमानतळ गेला राव, आता बंदर आणलं वाटतं चाकणला!" शेजारचा रिक्षावाला ओरडला. सगळे हसले, हातातले मोबाइल वर झाले. पंचावन्न वर्षांच्या ज्योतीरामनं चाळीस वर्षं समुद्राचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहायचंच नाही असं ठरवून पाहिलं नव्हतं. बाप वारला तेव्हासुद्धा तो गावच्या घरात मागच्या दारानं शिरला आणि तेराव्याला मागच्याच दारानं निघाला, कारण पुढच्या दारातून खाडी दिसायची. आणि आता समुद्राचं हे सामान त्याच्यामागे घाट चढून, टोलनाके ओलांडून चाकणपर्यंत आलं होतं.

ते नुसतं चाकणपर्यंत आलं नाही. तो कामावर पोचून कार्ड पंच करतो न करतो तोच ट्रेलर शेडच्या फाटकातून मागं मागं येताना दिसला, आणि मालक निरंजन स्वतः हात हलवत त्याला वाट दाखवत होता. या शेडमध्ये ट्रकच्या टपावरचे वारा कापणारे कव्हर बनायचे, बसच्या आतली पॅनेलं बनायची. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरायची, त्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवा काढायची, थरावर थर चढवायचे. ज्योतीराम तिथं सत्तावीस वर्षं होता आणि फिनिशिंगला त्याच्या तोडीचा माणूस पट्ट्यात नव्हता, हे निरंजनही मानत होता आणि ज्योतीराम तर मानतच होता. "माझ्या शाळेतल्या मित्राची बोट आहे," निरंजननं सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "आठ वर्षं मुंबईत पाण्यात कुजत पडली होती. आपण तिला नवी करायची. हा एकटा तिच्यातून पृथ्वीला फेरी मारणार आहे." पृथ्वीला फेरी! ज्योतीरामनं त्या मित्राकडं पाहिलं. चाळिशीचा, उन्हात न गेलेल्या कातडीचा, गुडघ्याला खिसे असलेली पँट घातलेला माणूस कामगारांना हात जोडत होता. पृथ्वी म्हणजे ग्रामदैवताचं देऊळ वाटलं काय याला, की सुचलं आणि प्रदक्षिणा घातली?

जयदीप त्याचं नाव. मूळचा चाकणजवळच्याच एका गावचा. बापाची जमीन एमआयडीसीत गेली, तिच्यावर आता मोटारींच्या सीट शिवतात. पोरगं शिकलं, हिंजवडीत संगणकात गेलं, वाकडला सतराव्या मजल्यावर राहायला गेलं, आणि एक दिवस राजीनामा देऊन मोकळं झालं. का, तर समुद्र बोलावतो. हे तो न लाजता सांगायचा. दर शनिवारी शेडवर यायचा, एका तिकाटण्यावर कॅमेरा लावायचा आणि त्या काचेच्या डोळ्याशी बोलायचा. "मित्रांनो, किनारा सोडल्याशिवाय स्वतःची ओळख होत नाही." ज्योतीराम पाठ फिरवून ग्राइंडर सुरू करायचा. आवाजात शब्द बुडून जायचे, आणि जयदीप शांतपणे थांबून ग्राइंडर बंद झाल्यावर तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायचा. स्वतःची ओळख! ज्योतीरामचा बाप बावीस वर्षं गलबतावर होता. मंगळुरी कौलं भरायची, रत्नागिरीला उतरवायची, मुंबईला न्यायची. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर तो गेला नसता. तो घरी आला की खाडीकडं पाठ करून झोपायचा, आणि समुद्राबद्दल विचारलं तर भाताच्या घासातला खडा बाजूला काढावा तसा तो प्रश्न बाजूला काढून जेवत राहायचा. तळहाताला दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या, त्यात मीठ जाऊन त्या कधी मिटल्याच नाहीत. आणि हा इथं हातमोजे घालून, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा लावून बोटीच्या पोटाला पॉलिशपेपर घासत होता, आणि दर दहा मिनिटांनी पाणी पीत होता.

एवढंच असतं तर ज्योतीरामला तो माणूस खुशाल हसण्यावारी नेता आला असता. पण जयदीप टिकला. काचेची पूड अंगाला लागली की कातडीची आग होते, नवी पोरं दोन दिवसांत पळून जातात. हा मान लाल करून घ्यायचा आणि पुढच्या शनिवारी परत यायचा. त्याचं काम भिकार होतं. रोलर असा फिरवायचा जसा चपातीवर तूप लावतोय. पण चूक दाखवली की वहीत लिहून घ्यायचा. त्याची ती वही ज्योतीरामला सगळ्यात जास्त खुपायची. "काका, तुम्ही हे पान्यानं टकटक काय करता?" त्यानं एकदा विचारलं. ज्योतीरामनं न बघता सांगितलं, "आतलं कळतं. भरीव असलं की आवाज वर येतो. पोकळ असलं की आत जातो. वरून कितीही चकचकीत असू दे." जयदीपनं पाना मागून घेतला आणि अर्धा तास त्या बोटीच्या कुशीवर कान लावून टकटक करत राहिला, डॉक्टर झाल्यासारखा. मराठवाड्यातून आलेला भिमाजी, ज्योतीरामच्या शेजारच्या साच्यावर असायचा, तो म्हणाला, "भाऊ, माणूस कसा का असंना, शिकायलाय की." ज्योतीराम म्हणाला, "शिकू दे. बुडताना उपयोगी पडेल."

घरी दिघीलाही सुटका नव्हती. मुलगी दिव्या चाकणच्याच एका कंपनीत एचआरला नवी लागली होती, आणि तिच्या ऑफिसातल्या पोरी जयदीपचे व्हिडिओ बघायच्या. "पप्पा, तुम्ही दिसता त्यात! पाठमोरे. ग्राइंडर घेऊन!" तिनं फोन त्याच्या ताटापुढं धरला. त्यात त्याची पाठ होती, वाकलेली, बनियनला मधोमध घामाचा पट्टा. आपली पाठ अशी दिसते हे त्याला माहीत नव्हतं. "तुम्ही तर कोकणातले. तुम्हाला येत असेल की बोट चालवता?" दिव्यानं विचारलं. रुपालीनं, त्याच्या बायकोनं, आमटी वाढता वाढता त्याच्याकडं पाहिलं. तिलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं. "आम्हाला असले धंदे करायला वेळ नव्हता," तो म्हणाला आणि ताट पुढं ओढलं. पण घास तोंडात फिरायला लागला, आणि जिभेवर डिझेल आलं, ओल्या दोरांचा वास आला, आणि पंधरा वर्षांचा ज्योतीराम गलबताच्या तळाशी कौलांच्या रांगांमध्ये पडलेला दिसला. बापानं त्याला पहिल्यांदा बरोबर घेतलं होतं. खाडीचं तोंड सुटलं आणि पहिल्या लाटेला त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. मग तीन दिवस, पोटात काही नसताना, बाहेर येतच राहिलं. तेही चाललं असतं. पोरं ओकतात, खलाशी हसतात आणि विसरतात. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा फिरला आणि शीड आवाज करून दुसऱ्या अंगाला गेलं तेव्हा तो ओरडला, ओरडतच राहिला, आणि त्याची चड्डी ओली झाली. तांडेलानं, गलबताच्या म्होरक्यानं, त्याला दोरानं डोलकाठीला बांधून घातला, नाहीतर त्यानं घाबरून पाण्यात उडी टाकली असती. बाप समोर होता. मारलं नाही, बोलला नाही. नुसतं पाहिलं, बाजारात सडकं फळ हातात आलं की टोपलीत परत टाकताना बघतात तसं. किनाऱ्याला लागल्यावर आईला एवढंच म्हणाला, "ह्याला घाटावर पाठव. ह्याच्यात काही नाही." ते बघणं ज्योतीराम घाट चढून बरोबर घेऊन आला होता. गेली चाळीस वर्षं तो तेच दुसऱ्यांवर वापरत होता, आणि ते त्याला इतकं सवयीचं झालं होतं की आपला स्वभावच कडक आहे असं तो समजत होता.

मार्चच्या सुरुवातीला काम संपत आलं. पावसाळा लागायच्या आत विषुववृत्त ओलांडायचं होतं, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात असायलाच हवी होती. मार्चमधलाच एक शनिवार होता. ज्योतीराम बोटीच्या मागच्या अंगाला खाली उताणा झोपून शेवटची टकटक करत होता. सुकाणूचा दांडा जिथून बोटीच्या आत शिरतो, त्याच्या बोटभर पुढं, पान्याचा आवाज आत गेला. तो थांबला. पुन्हा मारला. आत. तळहाताएवढी जागा होती. कुणीतरी फार पूर्वी केलेली दुरुस्ती, वरून दडपलेली, आतून सुटलेली. शांत पाण्यात वर्षानुवर्षं काही झालं नसतं. भर समुद्रात, सुकाणूला महिनाभर लाटांचे हिसके बसल्यावर, ती जागा फाटली असती. सुकाणू गेलं असतं आणि त्या भोकातून पाणी आलं असतं. कापून काढायला, नवे थर द्यायला दोन दिवस पुरले असते. त्यानं पाना खाली ठेवला आणि हाक मारायला तोंड उघडलं. आणि बोटीच्या पलीकडून जयदीपचा आवाज आला, कॅमेऱ्याशी बोलणारा, मऊ. "मित्रांनो, समुद्र तुमचा पगार बघत नाही, पोस्ट बघत नाही. त्याच्यापुढं सगळे सारखे. मला हीच समानता अनुभवायची आहे."

ज्योतीरामनं तोंड मिटलं. अनुभव, त्याला वाटलं. घे अनुभव. त्याला राग आला नव्हता, हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. राग असता तर तो निवला असता. उलट एक थंडगार, नीटनेटकं समाधान होतं, ड्रॉवर लोटल्यावर तो गच्च बसावा तसं. त्यानं रीतसर जेलकोट, वरच्या चकचकीत थराचा रंग, कालवला, त्या जागेवर पहिला हात दिला, वाळू दिला, घासला, दुसरा हात दिला, आणि मग बारीकात बारीक पेपरनं, पाणी लावून, संध्याकाळपर्यंत ते अंग असं चमकवलं की त्यात शेडच्या पत्र्यांची रांग दिसायला लागली. जयदीप खाली वाकून म्हणाला, "काका, हात आहे की काय आहे तुमचा!" सत्तावीस वर्षांत त्यानं इतकं देखणं फिनिशिंग केलं नव्हतं.

बोट निघाली त्या दिवशी शेडमध्ये पूजा होती. निरंजननं पेढे आणले होते, भिमाजीनं पुढच्या टोकाला झेंडूची माळ बांधली होती, आणि जयदीपची आई सारजाबाई गावाहून आली होती, नऊवारीतली, सत्तरीची, चपला काढून हातात घेतलेली. बोटीला तिचंच नाव दिलं होतं. निळ्या अक्षरांत, कमरेएवढ्या उंचीवर, "सारजा". ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. वाचता येत नव्हतं, पण कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते दाखवल्यावर कळलं होतं. मग ती ज्योतीरामपाशी आली. "दादा, तुमीच केलं न्हवं काम?"

"आम्ही सगळ्यांनी, मावशी."

"आमच्या घरात कुनाला पवायला येत न्हाई. हिरीत सुदीक उतरलं न्हाई कुनी. आन ह्यो म्हंतोय समिंदर." ती जवळ आली, आवाज खाली केला. "माझं नाव लिवलंय हिच्यावर. बुडली तर माझंच नाव बुडंल. खरं सांगा, बुडंल का?"

तिच्या मागं निरंजन उभा होता, हातात पेढ्यांचा बॉक्स. पलीकडं कॅमेरा होता. खरं सांगायला हे सगळं काही अडचणीचं नव्हतं. एक वाक्य होतं फक्त. "नाही बुडत, मावशी," ज्योतीराम म्हणाला. "असली बोट बुडत नसते." तिनं त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्याच्या गालांवरून दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. ट्रेलर फाटकातून बाहेर पडला. तो त्या खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरून साच्यापाशी परत गेला, आणि त्यानं एका ट्रकच्या कव्हरवर पाना मारला. आवाज वर आला. तरी त्यानं परत मारला.

मग ते सुरूच झालं. घरात जेवणाच्या टेबलावर, हेल्मेटवर, गॅसच्या सिलिंडरवर, मोशीच्या सिग्नलला स्कूटरच्या टाकीवर. बोटाचं पेर आपोआप वळायचं आणि टकटक करायचं. रुपाली म्हणाली, "दार वाजवल्यासारखं काय करता सारखं? कुणी येणार आहे का?" त्यानं स्वतःला पुष्कळ समजावलं. त्या माणसाला काय कमी होतं? आईनं शेण काढून शिकवला, जमिनीनं पोसला, सतराव्या मजल्यावर हवा खात बसायचं सोडून मस्ती आली. असली माणसं बुडाली तर पेपरात फोटो येतो, बापासारखी बुडाली तर कोण विचारतं? बाप बुडालाच नव्हता, पण एवढ्या बारकाईला आता तो थांबत नव्हता. फक्त त्या म्हातारीची बोटं कानशिलावर मोडल्याचा आवाज त्याला उलट सांगत होता, आणि तोही, बारकाईनं ऐकलं तर, आत जाणारा होता. गुरुवारी दिव्यानं सांगितलं, "रविवारी सकाळच्या भरतीला निघणार आहेत. जयगडहून गोव्याला, तिथं कागदपत्रं करून मग थेट मॉरिशस." जयगड. त्याच्या गावासमोरचा, खाडीचा दुसरा काठ. फोन करता आला असता. निरंजनकडं नंबर होता. तो फोन हातात घेऊन बसला आणि त्याला कळलं की हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही, कारण फोनवर माणूस "का सांगितलं नाही" असं विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो.

शनिवारी सकाळी वल्लभनगरहून त्यानं चिपळूणची एसटी धरली. रुपालीला गावचं जमिनीचं काम सांगितलं. कराडपासून तो एकच वाक्य मनात घोळवत होता. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. कुंभार्ली घाट उतरायला लागला तशी हवा जड आणि चिकट झाली, आणि चिपळूणहून पुढं गाडी बदलल्यावर, एका वळणाला, दिसायच्या आधी वास आला. चाळीस वर्षांत तो वास जराही म्हातारा झाला नव्हता. चारच्या सुमारास तो मच्छीमारांच्या जेटीवर उभा होता आणि "सारजा" समोर पाण्यावर होती, डोलकाठी उभी केलेली, बारीक, जेटीपासून हाकेच्या अंतरावर. तिच्यापलीकडं खाडीचा दुसरा काठ, माडांची रांग, कुठंतरी त्यांच्यामागं ते घर. तिकडं त्यानं पाहिलं नाही. त्यानं हात हलवला. जयदीप छोट्या रबरी होडीतून वल्ही मारत न्यायला आला. "काका? तुम्ही?" आणि मग पुढं काही न विचारता हात दिला.

पाणी शांत होतं. लाट म्हणावी असं काही नव्हतंच, नुसता संथ श्वास होता. ज्योतीराम रबरी होडीत बसला, कशीबशी बोटीची शिडी धरून वर चढला, कठड्याला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि तिथंच भडाभडा ओकला. चिपळूणच्या स्टँडवरचा वडापाव, चहा, मग नुसतं हिरवं पाणी. गुडघे खाली टेकले. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहात होतं, आणि या सगळ्यात त्याला फक्त एकाच गोष्टीची वाट होती, ती म्हणजे त्या बघण्याची. पण त्याच्या कपाळावर एक तळवा आला, थंड, आणि दुसरा हात पाठीवरून सावकाश खालीवर फिरायला लागला. "होतं, काका. मला तर पहिले सहा महिने व्हायचं. अजून होतं. बादली घेऊनच झोपतो मी." तळवा खरखरीत होता. त्याच्या बोटांना खाचा पडल्या होत्या. ज्योतीरामनं ते कपाळावरूनच ओळखलं आणि त्याला त्या हाताचा, आणि तो हात लागताच बरं वाटणाऱ्या स्वतःच्या कपाळाचा, भयंकर संताप आला.

तोंड धुऊन झाल्यावर जयदीपनं त्याला बसवलं, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं, आणि म्हणाला, "एक दाखवतो." मागच्या बाजूला बसायची फळी उचलली, आत बॅटरी टाकली. खाली, सुकाणूच्या दांड्यापाशी, रेझिनचं एक मोठं ठिगळ होतं. वाकडं, गाठीगाठींचं, कडेनं ओघळ गोठलेले, धागे उभे राहिलेले. "इथं पोकळ होतं," जयदीप म्हणाला. "मागच्या आठवड्यात, निघायच्या आधी, सगळी बोट पान्यानं बघितली. तुम्ही दाखवलं होतं तसं. इथं आवाज आत गेला. मग क्रेन बोलावून पुन्हा वर काढली, आतून सगळं सडकं कापलं, सात थर दिले. बाहेरच्या तुमच्या फिनिशिंगला हात नाही लावला." त्यानं खिशातून पाना काढून पुढं केला. ज्योतीराम पोटावर आडवा झाला, हात आत घातला, मारला. आवाज वर आला. सगळीकडून वर आला. आयुष्यात इतकं ओंगळ काम त्यानं पाहिलं नव्हतं, आणि ते भरीव होतं.

"राहून गेलं असेल," त्याच्या पाठीमागून जयदीप म्हणाला. "एवढ्या मोठ्या बोटीत एखादी जागा राहते."

ज्योतीराम तसाच पोटावर पडून राहिला, तोंड त्या अंधाऱ्या खणात. वाक्य तयार होतं, कराडपासून तयार होतं. आणि समोरच्यानं दार उघडून धरलं होतं. "हो," तो म्हणाला. "राहून गेलं असेल."

तो उठून बसला तेव्हा जयदीप त्याच्याकडंच बघत होता. फार वेळ नाही. "मग तुम्ही कशासाठी आलात, काका? एवढ्या लांब?"

"निरोप द्यायला."

"बरं वाटलं," जयदीप म्हणाला, आणि त्याला जेटीवर सोडताना वल्ही इतकी हळू मारली की होडी जराही डुलली नाही.

मेच्या शेवटी एका रविवारी दुपारी दिव्या फोन घेऊन स्वयंपाकघरात धावत आली. "पोचले! सदतीस दिवस! पप्पा, बघा, बघा ना, तुमचं नाव आहे!" रुपालीनं हात पुसले. फोनच्या काचेत जयदीप होता, काळाठिक्कर पडलेला, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, मागं परक्या गावचे डोंगर. शेवटच्या टप्प्यात सलग नऊ दिवस कशा लाटा आल्या, सुकाणू कसं हातातून हिसकून जायचं, हे त्यानं सांगितलं, कसलाही आव न आणता, दमलेल्या आवाजात. मग कॅमेरा खाली गेला. फळी उचलली. ते ठिगळ. "ही जागा धरून राहिली म्हणून मी आहे. हे काम आमच्या चाकणच्या ज्योतीरामकाकांचं. कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी काम करणारी माणसं." त्याखाली टाळ्यांची, हातांची चित्रं ओळीनं चढत होती. ज्योतीरामचा फोन वाजायला लागला. निरंजन होता, उद्या शेडवर सत्कार म्हणत होता. त्याच्यामागून भिमाजीचा, "भाऊ, पेढे!" रुपालीचा चेहरा असा झाला होता जसा दिव्या पास झाली तेव्हा झाला होता. ज्योतीराम त्या ठिगळाकडं बघत बसला. लाख माणसं ते ओघळ बघत होती आणि ते त्याच्या नावावर होते. हा उपकार होता की थुंकणं होतं? माणूस खरंच इतका भाबडा असेल, की माहीत असून दिलेली ही शिक्षा असेल? त्यानं नेहमीचं शोधून पाहिलं, त्या माणसाला तुच्छ मानायला एखादी जागा, हातमोजे, वही, कॅमेरा, काहीही. एकही हाताला लागेना. हात फिरून फिरून स्वतःवरच येत होता.

"ते मी केलेलं नाही," तो म्हणाला.

"काय, पप्पा?"

"ते ठिगळ. त्यानं स्वतः केलंय. माझं काम असं असतं का?" आवाज चढला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली, की अजूनही आधी फिनिशिंगचंच तोंडात आलं. तो थांबला. रुपालीनं गॅस बारीक केला. "मला माहीत होतं तिथं पोकळ आहे. मार्चपासून. मी वरून रंग दिला आणि गप्प बसलो."

 फोनमध्ये व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला, दिव्या तो बंद करायला विसरली. "विसरलात सांगायला?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात तेच होतं, उघडून धरलेलं दार.

"नाही. विसरलो नाही. तो बुडावा असं वाटलं मला."

तिनं बापाकडं पाहिलं. ज्योतीरामनं मान खाली घातली नाही. काय दिसेल ते बघायचं त्यानं ठरवलं होतं. पण तिच्या डोळ्यांत ते सडकं फळ नव्हतं. भीती होती, आणि भीतीच्या मागं काहीतरी होतं ज्याचं त्याला नाव माहीत नव्हतं. "का?" तिनं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. कौलं, डोलकाठी, दोर, चड्डी. रुपाली ओट्याला टेकून उभी होती, भात करपत चालला होता, कुणी उठलं नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "त्याला लिही. म्हणावं माझं नाव काढ त्यातून."

दिव्यानं फोन त्याच्यापुढं टेबलावर ठेवला. "मी नाही लिहिणार, पप्पा. तुम्ही लिहा."

त्यानं चष्मा शोधून घातला. सत्तावीस वर्षं रेझिन आणि पॉलिशपेपरनं बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजल्या होत्या. फोनची काच त्याचं बोट ओळखायची नाही, एकेक अक्षर दोनदा, तीनदा दाबावं लागत होतं. "जयदीप साहेब" असं लिहून झालं. तो ते बघत राहिला, मग "साहेब" पुसलं. उरलेल्या नावापुढं, घामानं ओलं बोट पँटला पुसून पुसून, तो लिहायला लागला: मला तो आवाज आला होता.